मित्राची हरकत

"उत्तर आल्याशिवाय मी ऑपरेशन करून घेणार नाही," असं माझ्या सासऱ्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. डॉक्टर बिचारे भले. त्यांना वाटलं, इन्शुरन्सचं उत्तर अडलंय. "आजोबा, ते आमचा स्टाफ बघून घेईल," ते म्हणाले.

"तुमच्या स्टाफला माझं सहावं प्रकरण काय कळणार?" अण्णा म्हणाले. मी कपाळावर हात मारला. नवरा भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत राहिला.

अण्णांच्या हृदयाची एक झडप आवळत चालली होती. मांडीतून नळी घालून ती बदलता येते, या वयातही येते, पण लवकर करा, असं डॉक्टरांचं म्हणणं. लवकर म्हणजे किती लवकर, असं मी विचारलं तर त्यांनी कॅलेंडरच पुढे ओढलं. तोंड धुऊन येईपर्यंत अण्णांना धाप लागायची. जुईनगरच्या आमच्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. हॉस्पिटलातून आल्यावर त्यांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर न्यावं लागलं, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते खुर्ची धरणाऱ्यांना सूचना करत होते. जीव घशाशी आला तरी जीभ शाबूत.

आता हे उत्तर कसलं, ते सांगते. अण्णा मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. आपल्याकडे हा विषय नवानवा होता आणि लोक "म्हणजे कवट्या मोजता का?" असं विचारायचे, तेव्हाचे. तरुणपणी ते जासईच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात राहायला गेले. भातशेती कशी, मिठागरात कोण राबतं, कोणाची सोयरीक कोणाशी, हे टिपायला. त्याच गावचा एक मुलगा तेव्हा मुंबईत हाच विषय शिकत होता. दोघांची गाठ पडली ती भांडणातच. अण्णांनी आपला पहिला लेख त्याला वाचायला दिला आणि त्याने तो समासात पेन्सिलीने ठिकठिकाणी एकच प्रश्न लिहून परत केला, 'कोण म्हणतं?'

'गाव मानतं', 'लोक समजतात', असली वाक्यं त्या मित्राला खपत नसत. कोण म्हणालं, कुठे बसून, कोणादेखत, ते लिहा. कोणीच म्हणालं नसेल आणि आपल्यालाच तसं वाटत असेल, तर सरळ कबूल करा. मग अण्णा चरफडत उलट टपाली लिहायचे, 'मी म्हणतो.' आणि मित्राचं उत्तर ठरलेलं असायचं, 'मग चालेल.'

ही रीत अण्णांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांपासून चालत आलेली. ते परदेशातल्या एका विद्वानाशी बोटीच्या टपालाने पत्रव्यवहार करायचे. लेख छापायच्या आधी त्या विद्वानाकडे जायचा आणि त्याचे आक्षेप येईपर्यंत छापखाना थोपवून धरला जायचा. एकदा म्हणे त्या विद्वानाने नुसतं 'छान' असं कळवलं, तर प्राध्यापक त्या दिवशी जेवलेच नाहीत. म्हणाले, याने वाचलेलं नाही. अण्णांनी आणि त्यांच्या मित्राने त्यातूनच आपले दोन नियम केले. भेटीत वाद घालायचा नाही आणि कागदावर स्तुती करायची नाही. समोरासमोर बसलं की माणूस चहा पितो, मुलाबाळांची चौकशी करतो आणि खरं बोलायचं टाळतो, असं अण्णांचं मत. त्यामुळे जुईनगरहून ते गाव गाडीने अर्ध्या तासावर असूनही यांची भांडणं आयुष्यभर पोस्टाने चालली. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हे बघून मला हसू यायचं.

नंतर हसू यायचं बंद झालं, कारण मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात लागले. तिथे कस्टमची क्वेरी, म्हणजे कागदपत्रांवर शंका, आली की कंटेनर जागच्या जागी अडकतो. आत आंबे सडोत नाहीतर औषधं असोत, क्वेरीचं उत्तर गेल्याशिवाय तो यार्डाबाहेर पडत नाही. अण्णांच्या घरात उलटं होतं. इथे क्वेरी आल्याशिवायच काही बाहेर पडत नव्हतं.

आणि यावेळी अडकलं होतं ते त्यांचं शेवटचं पुस्तक. त्या गावावर आयुष्यभर जमवलेलं सगळं त्यात होतं, बंदरासाठी जमिनी गेल्या तिथपर्यंत. ऑफिसातून आल्यावर मीच ते टाइप केलं. मीच त्याचं पार्सल करून मित्राकडे पाठवलं. एरवी त्यांची हरकत लगोलग यायची, पाकिटावर जाडजूड अक्षरात पत्ता, आत बारीक अक्षरात शिव्या. यावेळी काहीच आलं नाही. अण्णा गॅलरीत बसून फाटकाकडे नजर लावायचे. वॉचमनला इतक्यांदा विचारायचे की तो त्यांना बघून दुसरीकडे वळायला लागला.

मग एका दुपारी मला ऑफिसात फोन आला. त्या मित्राच्या मुलीचा. तिच्या वडिलांना मी काका म्हणते आणि तिला ताई. ती गावच्याच शाळेत शिकवते. माझ्याशी नेहमी अगदी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलते, पण त्या दिवशी तिचा आवाजच वेगळा होता.

"वयनी, बाबा आता कोनाला वळखत नाय," ती म्हणाली. "मला पन नाय. तुमचा पार्सल मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पानं काढली, सारखी केली न् परत आत टाकली. रोज तेच करतान."

"अहो ताई, मग कळवायचं नाही का?" मी ओरडलेच. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले.

"बाबा शहाने होते तवाच बोललेले, माझं असं काय झालं तर त्याला सांगू नका." मग म्हणाली, "मी लिहू का चार ओळी? बाबांच्या नावानं? तुमी बोलता ना, अण्णा ऑपरेशनला तयार नाय. जिवाला बरं वाटल त्यांच्या."

"अजिबात लिहू नका," मी म्हटलं. "मी बघते काय ते."

बघते म्हणजे काय बघणार होते, मलाच माहीत नव्हतं. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात नवऱ्याला सांगितलं. अण्णांना कमी ऐकू येतं, तरी आम्ही कुजबुजत होतो.

"लिहू दे की तिला," नवरा म्हणाला. "नाहीतर तूच लिही. टाइप करून करून तुला दोघांची भाषा पाठ झालीये. एक कडक पत्र लिही, चार शिव्या घाल, विषय संपव."

"ओळखतील ते."

"ओळखू देत! ऑपरेशन झाल्यावर ओळखू देत. माझा बाप मरायला टेकलाय आणि तू मला ह्यांचे नियम सांगतेस?"

त्याचं चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मला त्याचा राग आला, ताईचा आला, आणि सगळ्यात जास्त गॅलरीत बसलेल्या त्या हट्टी म्हाताऱ्याचा आला. सगळ्या घराला वेठीला धरलं होतं. पत्र लिहायचा मोह मला झाला, हेही खरं. काकांसारखं लिहिणं मला जमलं असतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर एका वाक्याचा खरा धनी शोधला, त्याला मरणाच्या दारात खोट्या सहीचा कागद द्यायचा, हे माझ्याच्याने होईना. त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सकाळीही नाही.

शनिवारी पत्र आलं. अण्णांच्या तगाद्याला कंटाळून वॉचमन स्वतःच ते वर घेऊन आला आणि थेट त्यांच्या हातात दिलं. मी कुकर लावत होते. बाहेर येऊन बघते तर पाकिटावर फळ्यावर लिहितात तसं गोलगोल, सुबक अक्षर. ताईने ऐकलं नव्हतं.

मी पुढे होईपर्यंत अण्णांनी पाकीट फोडलं होतं. ते वाचत असताना मी त्यांच्या मागून वाचलं. 'प्रिय मित्रा, तुझं पुस्तक वाचलं. फार सुंदर झालं आहे. जुने दिवस आठवले. माझी एकही हरकत नाही. तब्येतीला जप, ऑपरेशन करून घे.'

अण्णांनी कागद मांडीवर ठेवला.

"कधी गेला?" त्यांनी विचारलं.

"कोण, अण्णा?"

"हे जिवंत माणसाचं पत्र नाही. हात कापतो म्हणून मुलीला सांगून लिहवून घेतलं असेल, तेही मी समजू शकतो. पण 'सुंदर'? तो? मला?" त्यांना धाप लागली. ओठांचा रंग बदलायला लागला. मी खिडकी उघडली, त्यांच्या पाठीला उशी दिली. आतून नवरा धावत आला. तो डोळ्यांनी मला 'सांगू नकोस' म्हणत होता.

मी सांगितलं. दुसरं काय करणार? मित्र मेला असं समजून ते तिथल्या तिथे गेले असते तर? काका आहेत, पण कोणाला ओळखत नाहीत, मुलीलाही नाही, पुस्तक त्यांनी वाचलेलं नाही, हे पत्र ताईने मायेपोटी लिहिलंय, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. श्वास जरा खाली बसल्यावर म्हणाले, "पुस्तक त्याच्या कानावर तरी पडलंय का?"

"नाही."

"मग तू जा आणि वाचून दाखव. सगळं नको. सहावं प्रकरण, जमिनी गेल्या त्याचं."

"अण्णा, त्यांना काय कळणार आहे आता?" नवरा म्हणाला.

"ते त्याचं तो बघेल. काही बोलला नाही तर काही बोलला नाही, असं मला येऊन सांगा. मग मी मुकाट्याने टेबलावर चढतो." मग ते माझ्याकडे वळले. "पण जे होईल तेच सांग. पदरचं काही घालू नकोस, आणि गाळूही नकोस."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ट्रेलरच्या रांगांमधून वाट काढत मी गेले. काकांच्या घरासमोर पूर्वी त्यांची खारजमीन होती, भरतीचं पाणी बांध घालून अडवलेली भाताची शेतं. आता तिथे यार्डाची भिंत आहे आणि भिंतीवरून कंटेनरच्या चळती दिसतात. काका पडवीत खुर्चीवर बसले होते. अंगात पांढरी बंडी, केस नीट विंचरलेले. त्यांनी मला पाहुणीसारखी बसायला खूण केली आणि विचारलं, "तुमच्याकं पानी कसा हाय यंदा?" पाऊस कुठला, बाहेर ऐन हिवाळ्याचं ऊन पडलं होतं. एरवी माझ्याशी पुस्तकी मराठीत वाद घालणारा हा माणूस पूर्ण गावच्या बोलीत परत गेला होता.

"वयनी, चुकला माझा," ताई दारात उभी राहून म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. वाटेत तिला काय काय बोलायचं ते मी ठरवून आले होते, पण ते सगळं तिथेच राहिलं. मी तिचा हात धरला आणि पिशवीतून कागद काढले.

मी वाचायला सुरुवात केली. काका खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाशी खेळत होते. भिंतीपलीकडे ट्रेलरचे हॉर्न वाजायचे, मी थांबायचे, पुन्हा वाचायचे. ते कुठेतरी लांब बघत होते. अर्धं प्रकरण झालं, त्याहून जास्त झालं. माझा घसा सुकला. घरी जाऊन 'काही बोलले नाहीत' एवढंच सांगायचं, याची मी मनाशी तयारी करत होते. मग ते वाक्य आलं. 'जमिनी गेल्या, पण गावाने त्याचं फारसं दुःख केलं नाही. हातात पैसा आला आणि लोकांनी बदल सहज स्वीकारला.'

"कोण म्हणतं?" काका म्हणाले.

बोली सुटली होती. ते दोन शब्द अगदी स्वच्छ, पूर्वीसारखे पुस्तकी आले होते. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "कोण म्हणतं?"

ताई तोंडाला पदर लावून आत गेली. मला इतका आनंद झाला की तिथूनच अण्णांना फोन करावासा वाटला. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. "बाबा, चाय गरम हाय, सांभालून."

"कोण म्हणतं?" काका म्हणाले.

"गोली घेवाची हाय त्याच्यानंतर."

"कोण म्हणतं?"

मी ताईकडे बघितलं. तिने मान खाली घातली. "सगल्यालाच असं बोलतान, वयनी. परवा डॉक्टर बोलला, तब्येत चांगली हाय, तर त्याला पन तेच."

माझं अवसानच गळालं. म्हणजे त्यात काही नव्हतंच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तेवढीच एक खोड मागे उरली होती. कळणारा माणूस केव्हाच निघून गेला होता. मी उरलेलं प्रकरण वाचून दाखवलं. ते पुन्हा काही बोलले नाहीत.

येताना जासईच्या नाक्यावर गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. नवऱ्याचा फोन आला, "काय म्हणाले?" "येऊन सांगते," म्हटलं आणि ठेवला. मला अर्धं सांगता आलं असतं. वाक्य वाचलं, काका म्हणाले 'कोण म्हणतं?', बस. ते खोटं नव्हतं. अण्णा खूश होऊन ऑपरेशनला गेले असते. आणि पुढचं, चहाचं आणि गोळीचं सांगितलं तर? त्यांचा मित्र खरोखरच उरला नाही, हे मीच माझ्या तोंडाने त्यांना सांगणार. आणि तशा मनाने ते टेबलावर झोपणार. ट्रेलर हलेपर्यंत मी स्टिअरिंगला घट्ट धरून बसले होते. गाळू नकोस, असं ते का म्हणाले होते, याचा मला संताप येत होता.

घरी अण्णा कोट घालून बसले होते. कोणी विद्वान भेटीला येणार असल्यासारखे. मी आधी वाक्याचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मागून नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे इथेच थांब. मी थांबले नाही. चहाचं सांगितलं, गोळीचं सांगितलं, डॉक्टरांचंही सांगितलं.

"सगळ्यालाच म्हणतो?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"चहालासुद्धा?"

"हो, अण्णा."

आणि अण्णा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग खोकला आला, मग डोळ्यांतून पाणी. नवरा पाण्याचा ग्लास घेऊन धावला. "मग तो ठीक आहे," अण्णा म्हणाले. "त्याने कोणाला सोडलंय कधी? त्याच्या लग्नात भटजी म्हणाले, मुहूर्ताची वेळ झाली. तर बोहल्यावरून विचारतो, कोण म्हणतं?"

हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "ते वाक्य परत वाच."

मी वाचलं. त्यांनी पान माझ्याकडून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं.

"कोणीच म्हणालं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "त्याच्या बापाची जमीन गेली. मी त्याच वर्षी त्यांच्या पडवीत जेवलो. गावभर वही घेऊन फिरलो, दारोदार विचारलं. त्याला विचारलं नाही. भेटीत असलं काही काढायचं नाही, असा आमचा नियम. आणि तो माझाच माणूस, त्याला काय विचारायचं, असंही वाटलं. त्यानेही कधी आपणहून लिहिलं नाही. हे वाक्य येण्याची वाट बघत असेल."

अण्णांचा चेहरा मला बघवत नव्हता.

"कागद घे," ते म्हणाले. मी घेतला आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. 'प्रिय मित्रा, तुझी हरकत मिळाली. तुझं बरोबर आहे. कोणी म्हणालं नव्हतं, मी म्हणालो. वाक्य काढून टाकतो आहे. तुला विचारायचं राहून गेलं.' खाली त्यांनी स्वतः सही केली. अक्षर कापत होतं. ताई ते त्यांना वाचून दाखवेल आणि काका काय म्हणतील हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"आता डॉक्टरला फोन कर," अण्णा म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना आत न्यायला एक तरुण डॉक्टर आला. हसरा पोरगा होता. त्याने अण्णांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाला, "आजोबा, टेन्शन घेऊ नका. सगळं व्यवस्थित होणार आहे."

"कोण म्हणतं?" अण्णा म्हणाले.

डॉक्टर गोंधळून आमच्याकडे बघायला लागला. नवऱ्याने मान खाली घातली. मला काय माहीत होतं झडपांमधलं, नळ्यांमधलं? काही नाही. पण स्ट्रेचर हलायला लागलं होतं आणि अण्णा अजून उत्तराची वाट बघत होते.

"मी म्हणते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, टाइप केलेलं पान तपासताना बघायचे तसं.

"मग चालेल," ते म्हणाले, आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला.